स्पाइक जोन्स : मात्रेवर वाजणारं पिस्तूल

बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जाझ वाद्यवृंदांच्या, जमान्यात विनोदी गाणी पुष्कळांनी केली. अमेरिकन वाद्यवृंदप्रमुख स्पाइक जोन्सचं वेगळेपण हे की त्याच्या रेकॉर्डमधला गोंगाट पक्का बसवलेला असे. पिस्तुलाचा बार, गायीच्या गळ्यातली घंटा, मोटारीचा भोंगा, ऐरण, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. चालीतला एखादा स्वर काढून तिथे घंटा घालायची, तर ती त्याच स्वरात लागणारी हवी. म्हणून त्याच्याकडे स्वरांत जुळवलेल्या घंटांचा संचच होता. कमोडच्या बैठकीला तारा ताणून केलेलं एक 'तंतुवाद्य'सुद्धा होतं.

लिंडली आर्मस्ट्राँग जोन्स १४ डिसेंबर १९११ला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला जन्मला. वडील सदर्न पॅसिफिक रेल्वेत नोकरीला. पोरगा काटकुळा, म्हणून रूळ ठोकायच्या खिळ्यावरून नाव पडलं 'स्पाइक'. अकराव्या वर्षी ड्रमसेट मिळाला. पण पुढे कामी आली ती शिकवणी रेल्वेच्या खानावळीतली: तिथल्या स्वयंपाक्याने त्याला पातेली, काटे, सुऱ्या, चमचे तालात वाजवायला शिकवलं.

मोठा झाल्यावर तो हॉलिवूडच्या स्टुडिओंत ड्रमर झाला. लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बीच्या मागे जॉन स्कॉट ट्रॉटरच्या वाद्यवृंदातही वाजवायचा. हे काम चोख, पण मुळमुळीत. मग क्लॅरिनेटवाला गायक डेल पोर्टर आणि इतरांना घेऊन त्याचा स्वतःचा वाद्यवृंद, 'सिटी स्लिकर्स', उभा राहिला.

जुलै १९४२च्या अखेरीस त्यांनी हिटलरची खिल्ली उडवणारं 'देर फ्यूररस् फेस' रेकॉर्ड केलं. प्रत्येक 'हाइल'नंतर रबरी पिपाणीचा फर्रर्र आवाज. गाणं डिस्नेच्या डोनाल्ड डकच्या लघुपटासाठी लिहिलेलं. रेकॉर्ड इतकी गाजली की लघुपटाचंच नाव बदलून गाण्याचं ठेवलं. १ ऑगस्टला वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला, त्यामुळे काही दिवस उशीर झाला असता तर ही रेकॉर्ड निघालीच नसती.

बहिष्कार उठल्यावर, नोव्हेंबर १९४४ मध्ये, 'कॉकटेल्स फॉर टू' झालं. सुरुवातीला कोरस आणि कार्ल ग्रेसनचा गोड गळा, अगदी गंभीर. ऐकणारा सैलावला की धडाधड शिट्ट्या, भोंगे, उचक्या. ती गंभीर सुरुवात कापली तर पुढचा भाग नुसता कल्ला वाटतो. तेव्हा टेप नव्हती, तबकडीवर थेट मुद्रण व्हायचं. तीन मिनिटांत एक बार अर्धी मात्रा उशिरा वाजला, तर जोडकाम अशक्य. अख्खं गाणं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हे विदूषक पट्टीचे वादक असणं भागच होतं. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रम्पेटवाल्या जॉर्ज रॉकने लहान मुलाच्या आवाजात पुढचे दोन दात मागणारं नाताळगीत गायलं आणि पुढच्या नाताळाच्या हंगामात ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९४६ मध्ये जोन्सने सरळ, सुरेल संगीताचा वेगळा वाद्यवृंदही काढला होता. लोकांना त्याच्याकडून तसलं संगीत नको होतं, पैसे बुडाले. पुढे रॉक अँड रोल आलं. मुळात जे नाजूक आणि गंभीर, तेच उधळून हसवता येतं. हे नवं संगीत तर आधीच दणदणीत, त्यात उधळणार काय? टीव्हीवर तो १९५०च्या दशकात टिकून राहिला, पण सिगारेटींनी फुप्फुसं खाल्ली होती. १ मे १९६५ला, ५३व्या वर्षी, एम्फिसीमा या फुप्फुसांच्या आजाराने तो गेला.