स्प्रिंगफील्ड (इलिनॉय) आणि तेथील जुने विधानभवन

स्प्रिंगफील्ड : अमेरिकेतील इलिनॉय राज्याची राजधानी आणि सँगमन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण. शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे ३२० किमी.वर, मका-सोयाबीनच्या सपाट मुलखात वसलेले शहर. लोकसंख्या सुमारे १ लाख १४ हजार (२०२०). अब्राहम लिंकन यांच्या वास्तव्यामुळे ते जगाला ठाऊक झाले. त्या वास्तव्याची सर्वांत मोठी साक्षीदार म्हणजे भर चौकातले जुने विधानभवन.

इलिनॉय १८१८ मध्ये राज्य झाले तेव्हा राजधानी कॅस्कॅस्किया येथे होती. १८२० मध्ये ती वीस वर्षांच्या मुदतीने व्हँडेलियाला गेली. पुढे वस्ती उत्तरेकडे सरकू लागली आणि नव्या जागेसाठी गावोगावी चढाओढ लागली. सँगमन काउंटीच्या नऊ लोकप्रतिनिधींनी स्प्रिंगफील्डसाठी जोर लावला. सगळेच उंचेपुरे, म्हणून त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणत. लिंकन त्यांतलेच एक. फेब्रुवारी १८३७ मध्ये विधिमंडळाने स्प्रिंगफील्डला कौल दिला आणि एप्रिलमध्ये लिंकन स्वतःही वकिलीसाठी तेथे राहायला आले.

त्याच वर्षी ४ जुलैला विधानभवनाची कोनशिला बसली. आराखडा जॉन एफ. रेग यांचा. जवळच्याच खाणीतला पिवळसर चुनखडीचा दगड, प्राचीन ग्रीक देवळांच्या धर्तीचे स्तंभ आणि वर घुमट अशी ही वास्तू आहे. १८४० पासून कामकाज तेथे भरू लागले, तरी बांधकामाची शेवटची कामे १८५० नंतरही चालू होती. येथील राज्य सर्वोच्च न्यायालयात लिंकन यांनी दोनशेहून अधिक खटले चालवले. १६ जून १८५८ रोजी याच इमारतीतल्या प्रतिनिधिगृहात त्यांनी ते प्रसिद्ध भाषण केले: दुभंगलेले घर टिकत नाही, देश कायम अर्धा गुलाम आणि अर्धा स्वतंत्र राहू शकणार नाही. लिंकन तेव्हा सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, जागेसाठी उभे होते. त्या काळी सिनेटरची निवड राज्याचे विधिमंडळ करी. जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळाने लिंकन यांना डावलून त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांना निवडले. भाषण जितके गाजले, तितका हा पराभव लोकांच्या लक्षात राहिला नाही. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर लिंकन येथल्याच गव्हर्नरच्या दालनात लोकांना भेटत. मे १८६५ मध्ये त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी प्रतिनिधिगृहात ठेवले होते.

राज्याचा कारभार वाढला तशी इमारत अपुरी पडली आणि राज्याने नवे विधानभवन बांधले. १८७६ मध्ये जुनी इमारत काउंटीकडे गेली आणि तेथे न्यायालय भरू लागले. काउंटीलाही जागा पुरेना, तेव्हा १९०० च्या सुमारास अख्खी इमारत उचलून खाली आणखी एक मजला घालण्यात आला. नव्या विधानभवनाचा घुमट ३६१ फूट उंच, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच आहे. पण स्प्रिंगफील्डला येणारा माणूस आधी जुन्या वास्तूचाच पत्ता विचारतो.

१९६६ मध्ये ही वास्तू दगडादगडाला क्रमांक देऊन उतरवली गेली. खाली वाहनतळ आणि राज्याच्या इतिहास-ग्रंथालयासाठी तळघर खोदले, मग नव्या सांगाड्यावर तेच दगड पुन्हा चढवले. घातलेला मजला काढून टाकला. आतली दालने, जिने, बाके लिंकनकाळाप्रमाणे नव्याने घडवली. म्हणजे बाहेरचा दगड अस्सल, आतले जवळजवळ सगळे पुनर्निर्मित. वास्तू वाचली, हे मोलाचेच. तरीही नव्वद वर्षांचे न्यायालय पुसून टाकणे ही मोठी किंमत होती. ऑगस्ट १९०८ मध्ये गोऱ्या जमावाने शहरातील कृष्णवर्णीयांची घरे व दुकाने जाळली, दोघा कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारले, तेव्हा हीच इमारत काउंटीचे न्यायालय होती. लिंकनच्या गावात हे घडल्याने देश हादरला, आणि त्यातूनच १९०९ मध्ये ‘एनएएसीपी’ ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली. आज सजवलेल्या दालनांत १८६० चे जग दिसते, १९०८ चे दिसत नाही.

१० फेब्रुवारी २००७ रोजी बराक ओबामा यांनी याच वास्तूसमोर, कडाक्याच्या थंडीत, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. वास्तू आता राज्याच्या ताब्यातील ऐतिहासिक स्थळ आहे. १९०८ मध्ये जळालेल्या काही घरांचे पाये रेल्वेमार्गाच्या कामात सापडले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.