एका नळावर चाळीस खाटा : भंवरकुआ परिसरातल्या हॉस्टेलांची पार्श्वभूमी

इंदूरच्या इंद्रपुरीत, विष्णुपुरीत किंवा भोलाराम उस्ताद मार्गाच्या आतल्या गल्ल्यांत एखादं घर हॉस्टेल झालंय का, हे पाटी न वाचताही कळतं. बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरणारे चार इंची पाइप मोजायचे. कुटुंबाच्या घराला दोन-तीन पुरतात. सात-आठ दिसले, तर प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम जोडलेली आहे आणि मंजूर नकाशा वेगळं काहीतरी सांगतो आहे, असं खुशाल समजावं.

हे एका दिवसात झालं नाही, आणि कुणी ठरवूनही केलं नाही. सुरुवात शिवाजीराव होळकरांच्या काळात, 1891 साली निघालेल्या होळकर कॉलेजापासून धरायला हवी. तेव्हा हे कॉलेज असलेलं भंवरकुआ म्हणजे गावाबाहेर. पुढे 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ झालं, त्यालाच 1988 मध्ये देवी अहिल्येचं नाव मिळालं, आणि त्याचा तक्षशिला परिसर खंडवा रोडवर, म्हणजे याच अंगाला वाढला. विद्यार्थी वाढत गेले, तशा सरकारी वसतिगृहांतल्या जागा वाढल्या नाहीत. मधली पोकळी घरांनी भरली. मराठी घरांत याची पद्धत ठरलेली असे: बाहेरून जिना असलेली गच्चीलगतची खोली, खंडवा-बऱ्हाणपूरकडचा ओळखीतला मुलगा, दोन वेळचा डबा आणि रात्री दहानंतर फाटक बंद. पाणी, वीज, संडास सगळं घराचंच. एक-दोन माणसांचा भार घर सहज पेलत होतं.

खोली जाऊन खाट भाड्याने द्यायचा धंदा उभा राहिला तो कोचिंगमुळे. पण त्याला कायद्याचीही एक बाजू आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायद्याने भाडेकरू काढायचा तर कलम 12 मधलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागे. राजवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांतली नाममात्र भाड्याची बिऱ्हाडं बघून मालक हबकलेले होते. विद्यार्थी हा आपणहून जाणारा भाडेकरू. म्हणून अकरा महिन्यांचा कागद (वर्षाच्या वर गेला की नोंदणी सक्तीची), आणि पुढे तोही नाही, नुसती खाटेची पावती.

मग हा जाणारा भाडेकरूही थांबायला लागला. राज्य लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदूरलाच आहे, त्यामुळे तयारी करणारे इथेच येतात. ओबीसी आरक्षणाच्या 14 की 27 टक्के या वादात 2019 पासूनच्या परीक्षा अडकल्या. 87 टक्के पदांचे निकाल लावायचे, असं 87-13 चं सूत्र आलं आणि उरलेल्या 13 टक्के पदांचे निकाल राखून ठेवले गेले. डिसेंबर 2024 मध्ये मुलं आयोगाच्या दारात थंडीत बसली होती. दोन वर्षांसाठी आलेला मुलगा पाच-सहा वर्षं राहिला, नवे येतच राहिले, आणि एका प्लॉटवर आणखी एक मजला चढला.

आता हिशेब. प्लॉट 30 बाय 50, म्हणजे 1,500 चौरस फूट. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला पाच खोल्या, खोलीत दोन खाटा: चाळीस मुलं. भारतीय मानकाप्रमाणे माणशी दिवसाला 135 लिटर धरलं तर 5,400 लिटर लागतात. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 मध्ये आलं. ते जलूदहून सुमारे 70 किलोमीटर ओढून, पंपांनी चढवून आणलेलं आहे आणि बहुतेक भागांत एक दिवसाआड मिळतं. घरगुती अर्ध्या इंची जोडणीतून मिनिटाला 12 लिटर धरले, तर तासाभराच्या पुरवठ्यात 720. दोन दिवसांची गरज 10,800. थोडक्यात, नळ पंधरावा हिस्सा भागवतो. उरलेलं बोअरिंग आणि टँकर.

उन्हाळ्यात बोअरिंग बसलं की नळालाच टुल्लू पंप लावतात. इथे खरी भांडणं होतात, आणि ती नुसती पाणी पळवण्याची नसतात. पंप ओढायला लागला की गल्लीच्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. गटाराजवळ एखादा सांधा ढिला असेल, तर एरवी तिथून पाणी बाहेर झिरपतं. आता तिथूनच घाण आत ओढली जाते. शेजारच्या काकू सांगतात, पहिली पाच मिनिटं नळाला वास येतो. तो येतो तो असा.

सांडपाण्याचं दुखणं वेगळं. चार इंची पाइपाला 40 फुटांत एक फूट उतार हवा. घर बांधताना तो असतो. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो, जुन्यावरच थर चढतो, आणि घराचं चेंबर रस्त्याच्या खाली जातं. त्यात तळमजल्यावर मेस असली तर चाळीस जणांच्या भाजी-पराठ्याचं तेल पाइपात जाऊन गार होतं आणि थिजतं. चेंबर तुंबतं ते नेमकं सकाळी सात ते नऊ, कोचिंगच्या पहिल्या बॅचच्या वेळी. सिंकनंतर तेल अडवणारी छोटी हौदी बांधून ती आठवड्याला उपसली तर हे टळतं. बांधतात थोडे, उपसतात त्याहून थोडे.

विजेचं गणित लोकांना उशिरा कळतं. दीड टनी एसी साधारण दीड किलोवॉट ओढतो. असे पंधरा सुरू झाले तर साडेबावीस किलोवॉट, आणि मंजूर भार बऱ्याचदा घराचाच, पाच-सात. थ्री-फेज असलं तरी खोल्या तिन्ही फेजवर नीट वाटलेल्या नसतात, त्यामुळे न्यूट्रलमधून जास्त करंट जातो आणि ढिला सांधा जळतो. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथला विजेचा दाब 230 व्होल्टवरून थेट साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकतो. सांधा डीपीकडचा असला तर टीव्ही आणि फ्रिज शेजाऱ्याचा जातो.

आगीची भीती मात्र याहून मोठी. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच मानते. तीन मजली हॉस्टेल त्याखाली राहतं, म्हणून उंच इमारतींच्या कडक अटी लागू होत नाहीत. जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी मीटरचं पॅनेल, त्याला खेटून पंधरा-वीस दुचाक्या. वर गच्चीला कुलूप, खाली रात्री अकराला जाळीला कुलूप. पॅनेल पेटलं तर धूर त्याच जिन्याने वर चढतो. सुरतमध्ये 24 मे 2019 ला कोचिंगच्या आगीत 22 मुलं गेली आणि दिल्लीत 27 जुलै 2024 ला तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून तिघं. त्यानंतर इथल्याही तळघरांकडे लक्ष गेलं. जिन्याकडे अजून तेवढं गेलेलं नाही.

कागदोपत्री बदल आले ते पैशाच्या आणि पोलिसांच्या बाजूने. डिसेंबर 2021 मध्ये इंदूरला पोलीस आयुक्तालय झालं. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची हे मालक आता जाणून आहेत; खाट बदलली की पुन्हा द्यायची, हे सोयीने विसरतात. महिना 5,000 धरले तरी चाळीस खाटांचे वर्षाला 24 लाख होतात, म्हणजे सेवांसाठीची 20 लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडली. जुलै 2023 मध्ये बंगळुरूच्या अग्रिम निर्णयात (कर लागतो की नाही हे आधीच विचारल्यावर जीएसटी प्राधिकरण देतं तो निर्णय) अशा जागांवर 12 टक्के कर लागेल असं आलं, तेव्हा एकच धांदल उडाली. जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने सूट ठरवली: माणशी महिना 20,000 पर्यंत आणि सलग किमान 90 दिवस मुक्काम. दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सला आलेली मुलं त्यात बसत नाहीत.

शेजारी नवं हॉस्टेल उठत असेल तर तक्रारीची वेळ स्लॅब पडण्याआधीची. नगर निगमच्या भवन शाखेतून मंजूर नकाशाची प्रत काढायची, त्यातले संडास मोजायचे, मग भिंतीतल्या भोकांशी ताडून बघायचे. प्लास्टर झालं की कंपाउंडिंगचं शुल्क भरून ठरावीक मर्यादेपर्यंतचं जास्तीचं बांधकाम नियमित करता येतं, आणि त्यानंतर बोलणं फक्त पैशांचं उरतं. पाण्याच्या जोडणीचा व्यास नगर निगमकडे आणि विजेचा मंजूर भार वीज कंपनीकडे, असे दोन आकडेही मागावेत. नकाशावर ‘निवासी’ लिहिलेलं असतं, पण पाणी-वीज किती जणांपुरती घेतली आहे ते या दोन आकड्यांवरून लगेच दिसतं.