घरातली बंदूक आणि कमरेची बंदूक, दोन्ही एका तराजूत कशाला?

"स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका आहेत, तरी गुन्हे नाहीत, मग अमेरिकेत लोकांनी बंदूक बाळगली तर बिघडलं कुठे?" हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत असतोच. यात दोन गोष्टींची पार भेळ झालेली असते. एक, बंदूक घरात असणं. दुसरी, ती लोड करून बाजारात, गाडीत, हॉटेलात घेऊन हिंडणं.

मुळात ते "घरोघरी" पण फेकलेलंच आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जगभरातल्या बंदुकांचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेचा २०१७ चा अंदाज बघा, स्वित्झर्लंडमध्ये दर १०० माणसांमागे साधारण २८ खासगी बंदुका, अमेरिकेत १२०. स्विस पोरांना सैन्याचं ट्रेनिंग सक्तीचं, त्यातले बरेच जण रायफल घरी ठेवतात, म्हणून ट्रेनमध्ये खांद्याला रायफल अडकवलेला पोरगा दिसतो आणि आपले टूरिस्ट लगेच फोटो काढतात. पण ती रिकामी असते हो! आधी घरी ५० गोळ्यांचा सीलबंद डबा पण द्यायचे, २००७ मध्ये तोही परत घ्यायचं ठरलं. भरलेली बंदूक घेऊन फिरायचं असेल तर वेगळं परमिट लागतं, त्यासाठी आपल्याला खरंच धोका आहे हे दाखवायचं, वर परीक्षा द्यायची, त्यामुळे साध्या माणसाला ते मिळणं मुश्कीलच.

अमेरिकेत नेमकं उलटं, निम्म्याहून जास्त राज्यांत आता परमिट न काढताच पिस्तूल लपवून फिरता येतं. साध्या माणसाला बंदूक घेऊन फिरायची मुभा देणाऱ्या कायद्यांनी गुन्हेगार बिचकतात आणि गुन्हे घटतात असा दावा जॉन लॉट या इकॉनॉमिस्टने ९० च्या दशकात आकडे मांडून केला आणि तो खूप गाजला. मग नॅशनल रिसर्च काउन्सिल या अमेरिकेतल्या वैज्ञानिक संस्थेच्या कमिटीने २००४ मध्ये सगळं तपासून सांगितलं की या कायद्यांनी गुन्हे घटले किंवा वाढले, दोन्हीपैकी काहीच या पुराव्यावरून ठरत नाही. पुढे २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू या कायद्याच्या प्रोफेसरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात असा कायदा आल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के जास्त निघाले. मला हे जास्त पटतं, कारण बाहेर नेलेली बंदूक गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहते, काच फोडून कोणीतरी उचलतो आणि मग ती चोराच्याच हातात, शिवाय पार्किंगवरून झालेली बाचाबाची जिथे शिव्यांवर मिटली असती तिथे गोळी सुटते.

घरातल्या बंदुकीचा धोका मात्र वेगळाच, आणि तो गुन्ह्यांच्या आकड्यात येतच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. म्हणजे चोराला घाबरवायला आणलेली बंदूक घरातल्याच माणसावर चालू शकते.

आणि इथे स्वित्झर्लंडचं उदाहरण खरंच कामाचं आहे, फक्त मेसेजवाल्यांना हवं तसं नाही. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी सैन्य जवळपास निम्मं केलं, त्यामुळे घरांतल्या रायफलीही कमी झाल्या. त्यानंतर सैन्याच्या वयातल्या पुरुषांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या, आणि बंदूक नाही म्हणून आत्महत्येचा दुसरा मार्ग धरणारे थोडेच निघाले.