रेझर व्ही३ इतका पातळ कसा झाला, आणि त्यासाठी काय सोडावं लागलं

जुने फ्लिप फोन परत फॅशनमध्ये आलेत आणि त्यातही सगळ्यात जास्त विचारणा कशाची होत असेल तर मोटोरोलाच्या रेझर व्ही३ची. बरेच जण विचारतात की डिझाइन एवढं भारी दिसतंय, मग कॅमेरा कसा, मेमरी किती, गाणी वाजतात का. उत्तरं ऐकली की चेहरा पडतो, कारण कागदावर हा फोन २००४ सालीसुद्धा फार काही ग्रेट नव्हता. तरीही पुढच्या चारेक वर्षांत तो १३ कोटींच्या वर विकला गेला, आणि फ्लिप फोनमध्ये एवढा खप आजवर दुसऱ्या कुठल्याच मॉडेलचा झालेला नाही. हे कसं झालं ते समजून घ्यायचं असेल तर फीचर्सची यादी बाजूला ठेवून जरा मागे जायला लागतं. माझं मत आधीच सांगतो, या फोनमधली प्रत्येक आवडणारी गोष्ट आणि जवळजवळ प्रत्येक उणीव एकाच हट्टातून आलीय, तो म्हणजे पातळपणा.

घडी घालायचा फोन ही कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. १९६० च्या दशकात इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या दोघांनी सिमेन्ससाठी ग्रिल्लो नावाचा घरातला वायरवाला फोन केला, तो मिटला की मुठीत मावायचा आणि उचलला की तोंडाकडचा भाग आपोआप खाली उघडायचा. १९६७ मध्ये त्याला इटलीतला डिझाइनचा सगळ्यात मानाचा कोम्पासो दोरो पुरस्कार मिळाला. आता त्याचे फोटो बघितले तर तीस-चाळीस वर्षांनंतरच्या मोबाइलचा आराखडाच समोर ठेवलाय असं वाटतं.

मोटोरोलाची गोष्ट मात्र वजनापासून सुरू होते. १९७३ च्या ३ एप्रिलला मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, तोही बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगल यांना. त्यातून दहा वर्षांनी डायनाटॅक ८०००एक्स बाजारात आला, पाऊण किलोच्या वर वजन, किंमत ३,९९५ डॉलर आणि बोलायला मिळणार जेमतेम अर्धा तास. त्यानंतर कंपनीच्या इंजिनिअर लोकांचं सगळं डोकं एकाच दिशेने चाललं, फोन लहान करा. १९८९ मध्ये मायक्रोटॅक आला, त्यात कीपॅडवर खालून उघडणारं एक पातळ झाकण होतं. मग जानेवारी १९९६ मध्ये स्टारटॅक, ज्यात खरोखरच फोनचे दोन भाग मधून मिटायचे, वजन फक्त ८८ ग्रॅम. किंमत हजार डॉलरच्या आसपास असूनही लोकांनी घेतला, आणि फोन हा अंगावर मिरवायचा दागिना असू शकतो ही गोष्ट इथून सुरू झाली असं मला वाटतं.

इकडे जपानमध्ये तीच घडी वेगळ्याच कारणासाठी वापरली गेली. १९९९ मध्ये डोकोमोची आय-मोड सेवा सुरू झाली, फोनवर मेल आणि छोट्या वेबसाइट्स यायला लागल्या, आणि एनईसीचा एन५०१आय हा घडीचा फोन तिथे खूप चालला कारण उघडल्यावर मोठा स्क्रीन मिळायचा. म्हणजे जपान्यांनी स्क्रीन मोठा करायला फोन मिटवला आणि मोटोरोलाने खिसा हलका करायला. हा फरक लक्षात ठेवा, रेझरच्या बाबतीत तो पुढे महागात पडलाय.

२००३ उजाडेपर्यंत मोटोरोलाची अवस्था वाईट होती. नोकिया कधीच पुढे निघून गेलेली, सॅमसंग टी१०० सारखे चकचकीत रंगीत स्क्रीनचे फ्लिप फोन आणून वरच्या गिऱ्हाइकाला ओढत होती आणि मोटोरोलाचे कॅमेरा फोन त्या वर्षीच्या ख्रिसमसच्या सीझनला वेळेवर पोचलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये संस्थापकांचे नातू ख्रिस गॅल्विन यांनी प्रमुखपद सोडणार म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी २००४ मध्ये एड झँडर प्रमुख म्हणून आले. रेझरचं काम मात्र गॅल्विन यांच्याच काळात, २००३ च्या उन्हाळ्यात सुरू झालेलं होतं. श्रेय नंतर सगळं नव्या साहेबांना गेलं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

काम शिकागोजवळच्या लिबर्टीव्हिलमध्ये चालायचं, इंजिनिअरिंगची धुरा रॉजर जेलिको यांच्याकडे आणि रूप ख्रिस आर्नहोल्ट यांचं. टीम छोटी होती आणि काम कंपनीतल्याच बाकीच्यांपासून लपवून. नेहमी कसं व्हायचं, की वेगवेगळ्या देशांतल्या ऑफिसांना आणि मोबाइल कंपन्यांना आधी विचारायचं, प्रत्येकाच्या सूचना घ्यायच्या आणि मग त्या सगळ्या सूचनांचं ओझं घेऊन फोन जाड व्हायचा. इथे ते केलंच नाही. जाडी १० मिलिमीटर ठेवायची असं ठरलेलं, शेवटी १३.९ झाली. रुंदी ५३ मिलिमीटर झाली, आणि एवढा रुंद फोन हातात नीट बसणार नाही असं कंपनीतलेच तज्ज्ञ मानत होते, पण टीमला हातात धरून बघितल्यावर तो बरोबर वाटला म्हणून तसाच ठेवला. हा निर्णय माझ्या मते फोनच्या दिसण्यातला सगळ्यात मोठा निर्णय आहे, कारण त्याआधीचे फ्लिप फोन जाडजूड आणि गोलमटोल असायचे आणि हा पसरट झाला म्हणूनच एवढा पातळ दिसतो. मिटलेली लांबी ९८ मिलिमीटर, वजन ९५ ग्रॅम.

आता आत काय केलं ते बघा. तोपर्यंत बॅटरी सर्किट बोर्डच्या पाठीवर चढवायची पद्धत होती, इथे ती बोर्डच्या शेजारी झोपवली. अँटेना वरून काढून खाली हनुवटीत नेली, मिटलेल्या फोनच्या खालच्या टोकाला जो उंचवटा राहतो ना, त्यात. झाकण त्या उंचवट्याच्या अलीकडेच थांबतं. बघणाऱ्याला वाटतं की हे स्टाइलसाठी केलंय, पण जे जाड भाग पातळ होऊच शकत नव्हते ते सगळे एका ठिकाणी गोळा करून बाकीचा फोन सपाट ठेवायची ती युक्ती आहे. तीच गोष्ट कीपॅडची. सुटी प्लास्टिकची बटणं बसवली तर जाडी वाढते, म्हणून धातूच्या एका अखंड पत्र्यावर रसायनाने कोरून बटणं पाडली, मध्ये बारीक उठावाच्या रेषा ठेवल्या आणि मागून निळसर उजेड सोडला. अंधारात तो कीपॅड उघडला की अजूनही माणूस दोन सेकंद बघत राहतो. वरचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं, बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर काच. त्या काळात बहुतेक फोन चंदेरी रंग मारलेल्या प्लास्टिकचे असायचे, त्यामुळे हातात घेतल्यावर लागणारा तो गार धातू लोकांना एकदम नवीन वाटला.

२००४ च्या शेवटी अमेरिकेत सिंग्युलर या मोबाइल कंपनीने तो दोन वर्षांच्या करारासकट ४९९ डॉलरला लावला. कंपनीच्या लेखी हा थोड्या हौशी श्रीमंतांसाठीचा पीस होता. मार्केटिंग बघणारे जेफ्री फ्रॉस्ट नाइकीमधून आलेले, 'हॅलो मोटो' त्यांच्याच काळातलं आणि चार इंग्रजी अक्षरांच्या नावांची (RAZR, SLVR) टूमसुद्धा, त्यांनी हा फोन गॅजेट म्हणून विकलाच नाही, फॅशन म्हणून विकला. २००५ च्या ऑस्करच्या पाहुण्यांना काळा रेझर भेट म्हणून गेला, त्याच वर्षी गुलाबी आला, मग डोल्चे अँड गब्बानाचा सोनेरी. पहिले फक्त चंदेरी असलेला फोन दर काही महिन्यांनी नव्या रंगात दिसायला लागला आणि किंमत भराभर उतरत गेली, करारावर जवळपास फुकट मिळेपर्यंत.

आता फीचर्स, जे विचारायला लोक येतात. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे ०.३ मेगापिक्सेल. मेमरी पाच-सहा एमबी आणि कार्ड घालायची सोयच नाही, म्हणजे गाणी विसराच, आणि रेडिओ पण नाही. आतला स्क्रीन २.२ इंची, १७६ बाय २२० पिक्सेलचा, तो मात्र त्या वेळी खरंच सुंदर होता. ब्लूटूथ होतं, चारही जीएसएम बँड होते त्यामुळे भारतातून अमेरिकेला जाणाऱ्याला एकच फोन दोन्हीकडे चालायचा, आणि ही सोय तेव्हा लहान नव्हती. चार्जिंग, डेटा आणि हेडसेट या तिन्हीसाठी एकच मिनी-यूएसबी पोर्ट, जेव्हा नोकियापासून सोनी एरिक्सनपर्यंत प्रत्येकाची आपापली पिन होती. याचं कौतुक कमी होतं. तोटा एवढाच की चार्जिंगला लावलं की हेडसेट लावायला जागा नाही.

खरा कच्चा भाग सॉफ्टवेअर. मेन्यू संथ, मेसेज उघडायला वेळ, एका माणसाचे दोन नंबर असले की फोनबुकमध्ये दोन वेगळ्या एन्ट्र्या, आणि शब्द ओळखणारं आयटॅप हे नोकियाच्या टी९ वर हात बसलेल्या माणसाला वैताग आणायचं. त्यात सपाट कीपॅडवर न बघता टाइप करणं अवघड. म्हणून आपल्याकडे, जिथे एसएमएसचे पॅक संपेपर्यंत पोरं टाइप करायची, तिथे नोकियाची पकड यामुळे ढिली झाली नाही. भारतात मे २००३ पासून इनकमिंग फ्री झालं होतं, मोबाइल नुकताच सगळ्यांच्या हातात यायला लागला होता, आणि बहुतेकांना टॉर्चवाला, दणकट, चार-पाच दिवस चार्ज टिकणारा नोकिया ११०० हवा होता. रेझर आपल्याकडे कॉलेजमधल्या एखाद्याच्या हातात दिसायचा, दुबईहून काकांनी आणलेला किंवा मुंबईत हाजीअलीच्या हिरा पन्नामधून घेतलेला. तो बोलणं संपल्यावर एका हाताने टक्कन मिटवायचा आणि बाकीचे बघायचे.

या पातळपणाची एक स्वस्त शाखा थेट आपल्याकडे आली हे फार जणांना आठवत नाही. २००६ च्या शेवटी मोटोफोन एफ३ भारतात आला, फक्त ९ मिलिमीटर जाड, स्क्रीन इलेक्ट्रॉनिक कागदाचा, भर उन्हात शेतातसुद्धा स्वच्छ दिसणारा आणि बॅटरी अगदी कमी खाणारा. कल्पना अप्रतिम होती. पण त्या स्क्रीनवर एका ओळीत सहा अक्षरं आणि अशा दोनच ओळी, त्यामुळे मेसेज वाचणं म्हणजे शिक्षा. इथेही तेच, बाहेरून कमाल आणि वापरात अडचण.

रेझरचं पुढे काय झालं ते मात्र मला खरंच लागतं. एवढं यश मिळाल्यावर कंपनीने त्याच फोनची आवर्तनं काढली. २००५ च्या शेवटी व्ही३आय आला, १.२३ मेगापिक्सेल कॅमेरा आणि मेमरी कार्डसह, तो पहिल्यापेक्षा नक्कीच चांगला. थ्रीजीचा व्ही३एक्स आला पण तो जाड झाला. स्लिव्हर, पेबल, क्रेझर असे भाऊबंद आले. ॲपलबरोबर आयट्यून्सवाला रॉकर काढला, त्यात फक्त १०० गाणी ठेवता यायची. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रॉस्ट अचानक गेले. किंमती उतरवून खप वाढत होता, २००६ मध्ये जगातल्या पाचपैकी एक फोन मोटोरोलाचा होता, पण नफा आटत चालला होता आणि सॉफ्टवेअर नव्याने बांधायचं काम मागेच पडत गेलं. २००७ च्या जानेवारीत आयफोन जाहीर झाला. त्याच वर्षी आलेला रेझर२ पहिल्यापेक्षाही पातळ, ११.९ मिलिमीटर, बाहेर दोन इंची स्क्रीन, बांधणी उत्कृष्ट, मी तर म्हणेन की फ्लिप फोनची बांधणी याच्यापेक्षा वर गेलीच नाही. पण लोकांना आता मोठा स्क्रीन, मेल आणि वेब हवं होतं, जे जपानी घडीवाल्यांनी आठ वर्षं आधीच ओळखलं होतं. वर्षअखेरीला झँडर यांनी पद सोडलं. २००८ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त विकला जाणारा फोन ही जागा रेझरकडून आयफोन थ्रीजीकडे गेली. पुढे २०११ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले, फोनचा भाग २०१२ मध्ये गूगलकडे आणि तिथून २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला. २०१९ मध्ये घडी होणाऱ्या स्क्रीनचा नवा रेझर जाहीर झाला, त्याला खालची हनुवटी मुद्दाम ठेवलेली, आणि २०२० मध्ये तो भारतात १,२४,९९९ रुपयांना लागला.

तर आज जुना व्ही३ घ्यायचा असेल त्यांच्यासाठी. भारतात टूजी अजून एअरटेल आणि व्हीआयवर आहे त्यामुळे कॉल आणि एसएमएस होतात, जिओवर होणार नाहीत कारण त्यांच्याकडे टूजीच नाही. सिम जुन्या मोठ्या आकाराचं लागतं, नॅनो असेल तर अ‍ॅडॉप्टर घ्या. सिंगापूर-ऑस्ट्रेलियात टूजी बंद झालंय, अमेरिकेत एटी अँड टीनेही २०१७ च्या सुरुवातीलाच बंद केलं, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांनी पाठवला किंवा तिकडे न्यायचा असेल तर आधी विचार करा. बाजारात बाहेरची बॉडी नवीन टाकलेले पीस खूप फिरतात, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या जागी रंगवलेलं प्लास्टिक असतं, म्हणून झाकण बोटांनी चाचपून बघा, धातू हाताला गार लागतो. बिजागरी उघडताना मध्येच लटपटली तर सोडून द्या. मागचं कव्हर फुगलेलं दिसलं तर ती बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आधी बदलून घ्या. आणि व्ही३ आणि व्ही३आय एकाच किंमतीत मिळत असतील तर व्ही३आय घ्या, रूप तेच आहे आणि निदान मेमरी कार्ड तरी बसतं.