पणजोबांच्या नोंदी लंडनच्या आगीत जळाल्या नाहीत

‘पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या शिपायांच्या नोंदी लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, आता काही मिळणार नाही.’ हे ऐकून कित्येक घरांनी शोधच सोडला, याचं मला फार वाईट वाटतं.

आग खरी. सप्टेंबर १९४० मध्ये ती लागली, पण जळाल्या त्या ब्रिटिश लष्करातल्या सैनिकांच्या फायली. हिंदी सैन्य, म्हणजे इंग्रज अमलातलं भारतीय सैन्य, वेगळं होतं. त्याच्या शिपायांचे कागद इथे, पलटणीच्या डेपोत ठेवले जात. सगळे टिकले नाहीत, पण धागे उरलेत.

आधी घरातली ट्रंक उघडा. १९१४-१८ चं चांदीचं पदक सापडलं, तर चेहरा नका पाहू, कड पाहा. उजेडात तिरकं धरलं की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, अक्षरं झिजतात. पलटण ‘११७ मराठा’ असेल, तर १९२२ च्या फेररचनेनंतरचं तिचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन. जुन्या नावावर अडून राहू नका.

शिपाई युद्धात वारला असेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) नोंदीत अनेकदा वडिलांचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी शिपायांची नावं न कोरता केवळ संख्या कोरली होती. त्यामुळे दगडावर नाव नाही म्हणून खचू नका. आडनावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर होतं, म्हणून गावाच्या नावानेही शोधा.