इटलीत चाळिशीनंतर स्पर्धेत उतरायचंय? हृदयतपासणी आणि प्रमाणपत्राची प्रक्रिया

इटलीत क्रीडा महासंघाच्या स्पर्धेत उतरायचं, तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच. त्यासाठीच्या तपासण्या १८ फेब्रुवारी १९८२ च्या मंत्रालयीन आदेशानं ठरवून दिल्या आहेत. आपल्याकडे अशी देशव्यापी सक्ती नाही. म्हणून तिथे राहायला गेलेल्या आणि क्लबातून धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या मराठी मंडळींनी हे आधी समजून घ्यावं.

फॅमिली डॉक्टरांकडून मिळणारं साधं प्रमाणपत्र स्पर्धेला चालत नाही. ते हौशी व्यायामापुरतंच असतं. स्पर्धेसाठी मान्यताप्राप्त केंद्रातल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञाचीच सही लागते.

सुरुवात क्लबपासून करा. क्लब तुमच्या नावानं तपासणीचं विनंतीपत्र देतो, ते घेऊन केंद्रात वेळ घ्यायची. अठरा वर्षांखालच्यांची तपासणी सरकारी आरोग्यसेवेतून मोफत होते, मोठ्यांना साधारणपणे फी भरावी लागते. सोबत ओळखपत्र, आरोग्यकार्ड, मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र आणि जुने रिपोर्ट न्या. लघवीचा नमुना सकाळचा लागेल का, हे वेळ घेतानाच विचारा.

तपासणीत अंगतपासणी, लघवी, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणं) आणि ईसीजी हे धावणं, सायकलिंगसारख्या खेळांत सगळ्यांनाच असतं. तरुणांना ईसीजीसोबत पायरीवर चढ-उतार करायला लावतात. चाळिशीपुढच्यांसाठी मात्र, हृदयावर जास्त ताण येणाऱ्या खेळांत, पूर्ण क्षमतेची स्ट्रेस टेस्ट घेतात. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. ही तपासणी सक्तीची झाल्यावर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात १२ ते ३५ वयाच्या खेळाडूंमधले हृदयविकारानं होणारे अचानक मृत्यू १९७९-८० मध्ये दर लाखामागे वर्षाला ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. पण ही घट तरुणांमधली; त्यांच्या हृदयस्नायूचे जन्मजात दोष साध्या ईसीजीत बऱ्याचदा दिसतात. पस्तिशीनंतरचा मुख्य धोका वेगळा, रक्तवाहिन्यांतल्या ब्लॉकेजचा. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अशा माणसातही नॉर्मल येऊ शकतो.

म्हणून सायकलवर बसवतात. छातीला इलेक्ट्रोड, दंडाला बीपीचा पट्टा, आणि ठरावीक वेळानं पेडलवरचा भार वाढत जातो. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ आकडा मिळतो: ५५ व्या वर्षी १६५, त्याचे ८५ टक्के, म्हणजे टेस्टचं किमान लक्ष्य, सुमारे १४०. त्यावर थांबायचं नसतं, पाय थकेपर्यंत चालवायचं असतं. जेवण दोन-तीन तास आधी हलकं घ्या. बीटा-ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

फॉर्मवर कौटुंबिक इतिहास विचारतात. वडील किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल, चढावर छाती जड होत असेल, कधी चक्कर येऊन पडला असाल, तर ते लिहाच. स्पर्धा हुकेल या भीतीनं लपवलेली गोष्ट मशीनला कळेलच असं नाही. टेस्ट नॉर्मल आल्यावरही छातीत त्रास झाला, तर धावणं थांबवून डॉक्टर गाठा. प्रमाणपत्र हातात आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.

प्रमाणपत्र बहुधा वर्षभर चालतं आणि स्पर्धेच्या दिवशी ते वैध असावं लागतं. केवळ शर्यतीपुरतं भारतातून जाणाऱ्यांनी त्या वर्षीचे नियम आयोजकांकडूनच तपासावेत.

शंका आली तर डॉक्टर निर्णय राखून ठेवून इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) सांगतात. अपात्र ठरवलं, तर ३० दिवसांत प्रांताच्या अपील समितीकडे दाद मागता येते. नवे रिपोर्ट असतील तर ते अर्जासोबत जोडा.