भारत–ओमान लष्करी राजनय

भारत आणि ओमानची सल्तनत यांच्या सैन्यदलांमधील नियमित देवाणघेवाणीला ही संज्ञा लावली जाते. संयुक्त सराव, युद्धनौकांच्या बंदरभेटी, अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, चाचेगिरीविरुद्धची गस्त आणि बंदरातल्या सोयींचा वापर हे तिचे मुख्य भाग. तिन्ही भारतीय सेनादलांबरोबर नियमित संयुक्त सराव करणारा ओमान हा आखातातला पहिला देश. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने युद्धात उतरावे, असा करार मात्र दोघांमध्ये नाही. तरीही हे नाते टिकून आहे, आणि त्याचे कारण कागदांपेक्षा समुद्रात शोधावे लागते.

अरबी समुद्राच्या एका काठावर मस्कत आणि दुसऱ्या काठावर काठियावाड, मुंबई, कोकण. ईशान्य मोसमी वाऱ्यावर पश्चिमेला जायचे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतायचे, हे गणित दोन्हीकडच्या नाखवांना तोंडपाठ होते. महाराष्ट्रात डाळिंबाच्या एका जातीला ‘मस्कत’ म्हणतात, ती याच वाटेची खूण. हे नाते नेहमी गोड नव्हते. १६५० मध्ये ओमानींनी पोर्तुगिजांना मस्कतमधून हुसकावले, आणि पुढे त्यांचा पाठलाग करत ते थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर छापा घातला.

१७९८ मध्ये मस्कतच्या शासकाने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला, तो ‘कौलनामा’ म्हणून ओळखला जातो. कौल हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. नेपोलियन तेव्हा इजिप्तमध्ये उतरला होता आणि त्याची टिपू सुलतानाशी गाठ पडेल अशी कंपनीला धास्ती होती. फ्रेंचांना मस्कतमध्ये पाय ठेवू द्यायचा नाही, हा कराराचा गाभा. पुढची कित्येक दशके आखाताचा कारभार मुंबई इलाख्यातूनच पाहिला जाई. मस्कतच्या सत्ताधाऱ्यांची जहाजेही मुंबईत बांधली जात. १८२६ मध्ये मुंबईत सय्यद सईद बिन सुलतान यांच्यासाठी ‘लिव्हरपूल’ ही ७४ तोफांची युद्धनौका तयार झाली. दहा वर्षांनी त्यांनी ती ब्रिटिश नौदलाला भेट दिली आणि तिचे नाव ‘इमाम’ झाले. माझगावात १८३३ मध्ये बांधलेले त्यांचेच ‘सुलताना’ हे जहाज १८४० मध्ये ओमानचा दूत घेऊन न्यूयॉर्कला पोहोचले. मुंबईच्या सुतारांनी घडवलेली लाकडे एका अरब राज्याच्या राजनयाची वाहने झाली, याचा उल्लेख आपल्याकडच्या नौकानयनाच्या लेखनात फारच त्रोटक येतो.

या काळाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १८२०–२१ मध्ये ओमानमधल्या बनी बू अली या टोळीविरुद्ध कंपनीने दोन मोहिमा काढल्या. पहिलीत कंपनीच्या सैन्याचा दारुण पराभव झाला, म्हणून मुंबईहून मोठी फौज पाठवावी लागली. जानेवारी १९१५ मध्ये ओमानच्या अंतर्भागातल्या इमामाच्या (धार्मिक नेत्याच्या) टोळ्यांनी मस्कतवर चाल केली, तेव्हा बैत अल फलज येथे शहराचे रक्षण करणाऱ्यांत मुंबई सेनेच्या परंपरेतली १०२ ग्रेनेडियर्स ही पलटण होती. हे सैनिक भारतीय होते, पण हुकूम साम्राज्याचा होता. या लढायांना दोन देशांची मैत्री म्हणणे चुकीचे ठरेल. ओळख मात्र त्यातून वाढली. ओमानचे सुलतान सईद बिन तैमूर यांचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले. त्यांचे वडील तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये त्यांचा मृत्यू मुंबईत झाला. १९७० पर्यंत ओमानच्या बाजारात रुपया चालत असे.

स्वतंत्र भारताने १९५३ मध्ये मैत्री, व्यापार व नौकानयनाचा करार केला. लष्करी सहकार्याला चौकट मिळाली ती २००५ च्या सामंजस्य करारामुळे. २००८ मध्ये संबंधांना सामरिक भागीदारीचा दर्जा देण्यात आला. सराव त्याच्याही आधी सुरू झाले होते. ‘नसीम अल बहर’, म्हणजे समुद्रावरची झुळूक, हा नौदलांचा सराव १९९३ पासून चालतो. हवाई दलांच्या सरावाला ‘ईस्टर्न ब्रिज’ आणि भूदलांच्या सरावाला ‘अल नजाह’ (यश) म्हणतात.

ऑक्टोबर २०२४ मधला ‘नसीम अल बहर’ गोव्याजवळ झाला. भारताची ‘त्रिकंड’ आणि ओमानची ‘अल सीब’ या नौकांनी त्यात भाग घेतला. अशा सरावाचे दोन टप्पे असतात. पहिला बंदरातला: अधिकारी एकमेकांच्या नौकांवर जातात, चर्चा होतात, खेळांचे सामने होतात. दुसरा खोल समुद्रातला: तरंगत्या लक्ष्यांवर तोफा डागणे, चालत्या नौका एकमेकींच्या अगदी जवळ आणणे, एका नौकेचे हेलिकॉप्टर दुसरीच्या डेकवर उतरवणे. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरा टप्पा महत्त्वाचा वाटतो. पण संकटाच्या वेळी रेडिओवर समोरून येणारा आवाज ओळखीचा असणे, ही कमाई पहिल्या टप्प्याची असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजस्थानातील महाजन येथे ‘अल नजाह’ झाला. दोन्ही बाजूंचे साठ-साठ जवान वाळवंटातल्या दहशतवादविरोधी कारवाईचा सराव करत होते.

या ओळखीचा उपयोग कुठे होतो, ते जुलै २०२४ मध्ये दिसले. ओमानच्या दुक्म बंदराजवळ ‘प्रेस्टिज फाल्कन’ हे तेलवाहू जहाज उलटले. जहाजावर १६ खलाशी होते, त्यांतले १३ भारतीय. भारतीय नौदलाची ‘तेग’ ही युद्धनौका आणि ओमानी यंत्रणा यांनी खवळलेल्या समुद्रात मिळून शोध घेतला, आणि ‘तेग’ने नऊ जणांना जिवंत बाहेर काढले.

दुक्म हे नाव २०१८ नंतर भारतीय वर्तमानपत्रांत वारंवार दिसू लागले. त्या वर्षी झालेल्या समझोत्याने भारतीय नौकांना तिथे रसद आणि दुरुस्तीची सोय मिळाली. नकाशा पाहिला की या बंदराचे मोल कळते: ते होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर, थेट अरबी समुद्रावर आहे. सामुद्रधुनी बंद पडली तरी दुक्मची वाट मोकळी राहते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्याशीही ओमानचे तिथे करार आहेत. इराणशी बोलणे चालू ठेवायचे आणि कुणा एकाच्या गोटात जायचे नाही, हे ओमानचे जुने धोरण. भारताला ते समजते, म्हणून या मैत्रीवर कधी फार ताण आलेला नाही.

लोकांचा धागा याहून दाट आहे. ओमानमध्ये सुमारे सात लाख भारतीय राहतात. त्यांत मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली कच्छी व्यापारी घराणी आहेत. खिमजी रामदास घराण्यातले कनकसी खिमजी यांना ओमानने ‘शेख’ ही पदवी दिली. रत्नागिरी-रायगडातून नोकरीसाठी गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत, केरळच्या परिचारिका आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत. जुन्या मस्कतमध्ये शिवमंदिर आहे, मराठी घरांत गणपती बसतात. भारतीय युद्धनौका बंदरात लागली की अनेकदा शाळेची मुले आणि कुटुंबे ती पाहायला येतात. परक्या देशात राहणाऱ्या मुलाला तोफेजवळ उभा असलेला खलाशी आपल्या भाषेत उत्तर देतो; लष्करी राजनयाच्या अहवालात ही भेट एका ओळीत संपते, पण त्या मुलासाठी ती तेवढीच नसते.

या सगळ्याचे सर्वांत देखणे रूप ‘कौंडिण्य’ या नौकेत पाहायला मिळते. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून तिचा आराखडा केला आणि गोव्यात ती बांधली. तिच्या फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. फळीला भोके पाडायची, दोर ओवून ताणायचा आणि सांधा पाणी आत येणार नाही असा बंद करायचा, ही रीत अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकानुशतके एकच होती. तिच्यावर इंजिन नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भारतीय नौदलाच्या खलाशांनी ती पोरबंदरहून हाकारली, आणि शिडांवर समुद्र ओलांडून जानेवारी २०२६ मध्ये ती मस्कतला लागली.